अर्ध्या मिलिमीटरची भोकं: जुना कार्बोरेटर घरी साफ करताना

गाडी चोक ओढल्यावर सुरू व्हायची, चोक सोडला की बंद पडायची. रेस देऊन धरून ठेवली तर चालायची, वेगातही ठीक पळायची, पण हळू वेगात ॲक्सिलरेटर उघडला की एक क्षण गुदमरायची. प्लग बदलून झाला, पॉइंट पाहून झाले. ही लक्षणं एकत्र मांडली की बोट एकाच जागी जातं, ते म्हणजे पायलट जेट, कार्बोरेटरातला बारीक भोकाचा इवलासा पितळी भाग. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देतो, आणि त्यात पेट्रोलच्या वाटा वेगवेगळ्या असतात. हळू वेगाची वाट पायलट जेटमधून, वेगातली मेन जेटमधून, आणि माझ्या कार्बोरेटरात चोकचीही स्वतंत्र. त्यामुळे चोकवर गाडी चालते आणि चोकशिवाय चालत नाही, याचा अर्थ पेट्रोल वाटीपर्यंत, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी ते साठतं त्या भांड्यापर्यंत, येतंय, फक्त एक वाट बंद आहे.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, नवा कार्बोरेटर बसवून टाक. दोन, बाहेरून क्लिनरचा स्प्रे मार. पहिला सल्ला मला पटत नाही, कारण जुन्या कार्बोरेटरची बॉडी, त्यातली भोकं आणि इंजिन यांचा मेळ मूळ कारखान्यात बसवलेला असतो. बाजारातल्या सरसकट नकलांमध्ये तो बसतोच असं नाही. दुसरा सल्ला कधीकधी कामी येतो, पण वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीला तो पुरत नाही. म्हणून कार्बोरेटर उतरवला, पूर्ण खोलला आणि एकेक भाग हातात घेऊन साफ केला. मनाशी एकच नियम धरला होता: घाण काढायची, धातू काढायचा नाही. पुढचं सगळं काम याच नियमाभोवती फिरलं.

उतरवण्याआधी पेट्रोल कॉक बंद केला आणि वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. काचेची बाटली मुद्दाम घेतली, कारण तळाशी काय बसतंय ते दिसतं. पेट्रोल गर्द तपकिरी होतं आणि त्याला ताज्या पेट्रोलचा वासच नव्हता. नाकात बसणारा आंबूस, रंगाच्या जुन्या डब्यासारखा वास होता. पेट्रोल वाटीत पडून राहिलं की त्यातले हलके घटक आधी उडून जातात. उरलेल्या घटकांची हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते आणि चिकट डिंक तयार होतो. तो वाळत वाळत कडक, पारदर्शक तपकिरी थर बनतो. त्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. बाटलीच्या तळाशी मला नेमका तो वेगळा थर दिसला. वाटीत जिथे तो थर टेकून होता, तिथे धातूवर पांढरी बुरशीवजा पूड आली होती. तो झिंकचा गंज.

खोलताना पहिला अडथळा येतो स्क्रूंचा. जपानी बनावटीच्या कार्बोरेटरवरचे स्क्रू दिसायला साधे फिलिप्स दिसतात, पण ते जेआयएस या जपानी मापाचे असतात. त्यांच्या खाचेचा आकार किंचित वेगळा असतो. फिलिप्सचा पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. माझ्या कार्बोरेटरच्या वाटीचे दोन स्क्रू आधी कोणीतरी असेच खराब करून ठेवले होते. जेआयएस पेचकस घेतला, स्क्रूच्या डोक्यावर नीट टेकवून हातोडीने हलके ठोके दिले, आट्यांत शिरणारं तेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी एक सुटला. दुसऱ्यासाठी बॉडी गरम केली. झिंकचं मिश्रधातू तापल्यावर पोलाद आणि पितळ या दोघांपेक्षाही जास्त फुगतं, म्हणून बॉडी तापली की त्यात बसलेला स्क्रू किंवा जेट सैल होतो. यासाठी केस वाळवायचा ड्रायर पुरतो. ज्योत मात्र जवळसुद्धा आणायची नाही, आणि ड्रायरही पेट्रोल पूर्ण सुकून वास गेल्यावरच लावायचा, कारण त्याच्या आत तापलेली तार असते.

मिक्स्चर स्क्रू, म्हणजे हळू वेगातलं हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा स्क्रू, काढण्याआधी एक नोंद घ्यावीच लागते. तो आधी हलक्या हाताने आत फिरवत न्यायचा, टेकेपर्यंत, आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवायचं. माझा पावणेदोन फेऱ्यांवर होता. टेकल्यावर पुढे दाबायचं नाही. त्याचं टोक सुईसारखं असतं, दाबलं की टोकावर वळ पडतो, नाहीतर टोक मोडून भोकातच अडकतं, आणि मग ती बॉडी वाचवणं फार कठीण. त्या स्क्रूमागे स्प्रिंग असते आणि कित्येक कार्बोरेटरांत तिच्यापुढे बारीक वायसर आणि सर्वांत आत इवलासा ओरिंग, म्हणजे रबराची कडी, असतो. स्क्रू निघाला म्हणून ओरिंग निघालाच असं नाही. तो बहुधा आतच चिकटून राहतो. न दिसता तिथेच राहिला आणि वरून क्लिनर मारलं, तर तो फुगतो, विरघळतो आणि ज्या वाटेची सफाई करायची तिथेच बसतो. टॉर्च लावून, तारेच्या वाकवलेल्या टोकाने तो आधी काढून घेतला.

स्लाइड म्हणजे ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणारा दट्ट्या. त्यातली लांब सुई काढताना तिची क्लिप कोणत्या खाचेत आहे तेही लिहून ठेवलं. सुईवर पाच खाचा होत्या आणि क्लिप मधल्या खाचेत होती. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढले आणि सुटे भाग बर्फाच्या ट्रेच्या खणांत क्रमाने ठेवत गेलो. रबराचं, प्लास्टिकचं जे काही होतं ते वेगळ्या डब्यात, क्लिनरपासून लांब. वाटीचं गॅस्केट बाहेर काढल्यावर फुगून इतकं लांब झालं होतं की परत खोबणीत बसेना. असं फुगलेलं गॅस्केट उघड्यावर वाळू दिलं की पुष्कळदा आक्रसून मूळ मापावर येतं. मी ते नवंच घातलं, पण नवं मिळणार नसेल तर लगेच फेकून देऊ नये.

सगळं सुटं झाल्यावर पहिल्यांदा खरा अंदाज आला. वाटीच्या आतल्या बाजूला जुन्या लाकडी कपाटावरच्या पॉलिशसारखा चकचकीत तपकिरी थर होता. मेन जेट बऱ्यापैकी मोकळा. पायलट जेट प्रकाशासमोर धरला तर काहीच दिसेना, पूर्ण अंधार. आणि वाटीतली हवा ये-जा करण्याची जी नळी असते, तिच्या तोंडाशी कुंभारीण माशीने माती भरून ठेवलेली. या नळीकडे कोणी बघत नाही, पण वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो म्हणूनच ते जेटमधून वर ढकललं जातं. नळी बंद झाली की जेट कितीही स्वच्छ असला तरी पेट्रोल हवं तसं येत नाही.

हे सगळं यंत्र त्या दाबाच्या फरकावर चालतं. नळीचा मधला भाग अरुंद केला की तिथे प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, हे जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली मांडलं. त्याचंच नाव आज कार्बोरेटरच्या त्या अरुंद गळ्याला आहे. पुढे १८९३ मध्ये हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फवारा उडवणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. विल्हेल्म मायबाखही जर्मनीत त्याच सुमारास याच दिशेने काम करत होता. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं हे गणित केलं तर जवळपास नऊ हजार लिटर हवा होते. एवढ्या हवेत योग्य तेवढं पेट्रोल सोडायचं काम एक चिमुकलं पितळी भोक करतं. हे लक्षात आलं की त्या भोकाशी दांडगाई करावीशी वाटत नाही.

आता सफाई. आधी मी काय वापरलं नाही ते सांगतो, कारण नुकसान बहुतेक तिथेच होतं. लिंबाचा रस, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड हे घरगुती उपाय पितळेला उजळवतात हे खरं, पण कार्बोरेटरची बॉडी बहुधा झिंकच्या मिश्रधातूची असते आणि आम्लात झिंक विरघळतो. बुडबुडे येताना दिसतात, लोकांना वाटतं घाण निघतेय, प्रत्यक्षात धातू निघत असतो. पितळही आम्लात फार वेळ राहिलं तर गुलाबी पडतं, म्हणजे त्यातला झिंक निघून वर तांबं उरलेलं असतं. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियम आणि झिंक दोघांनाही खातो. अमोनिया असलेली सफाईची द्रावणं पितळेला वाईट. तारेचा ब्रश फक्त बाहेरून, तोही पितळी आणि हलक्या हाताने. आणि वाळूचा किंवा काचेच्या मण्यांचा मारा मी कधीच करू देत नाही. बॉडी बाहेरून नव्यासारखी दिसते, पण एखादा मणी आतल्या वळणदार वाटेत अडकला की तो कधीतरी सुटून जेटमध्ये येऊन बसतोच.

मी वापरलं ते असं. आधी केरोसीन आणि मऊ ब्रशने बाहेरची ग्रीस आणि धूळ काढली, म्हणजे पुढे तीच घाण आतल्या वाटांत जाणार नाही. मग पितळी भाग कार्बोरेटर क्लिनरमध्ये झाकणाच्या काचेच्या बरणीत भिजत ठेवले. हे काम मोकळ्या हवेत, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसताना करायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच. बॉडीच्या एका भोकात स्प्रे मारला की तो दुसऱ्या भोकातून सरळ तोंडावर येतो, आणि कोणत्या भोकातून येईल हे आधी सांगता येत नाही. क्लिनरमध्ये ॲसिटोन असेल तर पातळ नायट्रिल हातमोजे त्यापुढे फार वेळ टिकत नाहीत, मऊ पडायला लागले की बदलावेत.

बॉडीसाठी अल्ट्रासोनिक टाकी वापरली. छोटी टाकी, ४० किलोहर्ट्‌झची. पाण्यात सौम्य डिटर्जंट, तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअस. ध्वनिलहरींमुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्याचा धक्का धातूवरची घाण उखडतो. या टाकीत पेट्रोल, थिनर किंवा स्प्रेचं क्लिनर चुकूनही घालायचं नाही. तापलेल्या द्रवाची वाफ आणि वीज एकत्र आली की स्फोटाची तयारी झाली. टाकी नीट काम करतेय का हे पाहायला ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलचा तुकडा थोडा वेळ उभा धरायचा. त्यावर टाचणीने टोचल्यासारखे ठिपके आणि भोकं पडली तर टाकी चालतेय.

टाकीत बॉडी ठेवून निघून गेलं की काम होतं, हा समज काढून टाकायला हवा. आतल्या आंधळ्या वाटांमध्ये हवा अडकून राहते, आणि जिथे पाणी नाही तिथे बुडबुडा फुटणार कुठून? म्हणून बॉडी पाण्याखालीच हळूहळू सगळीकडे फिरवली. प्रत्येक कोनात आतून हवेचे फुगे येत राहिले आणि त्यांच्यामागून चहाच्या रंगाचं पाणी. थोडा थोडा वेळ टाकी चालवायची, बॉडी बाहेर काढून पाहायची, कूस बदलायची. झिंक फार वेळ गरम डिटर्जंटमध्ये राहिलं तर काळवंडतं, म्हणून मी घाई न करता लहान लहान पाळ्या केल्या. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच दाबाच्या हवेने कोरडं केलं. ओली बॉडी तशीच ठेवली तर पांढरा गंज पुन्हा धरतो, आणि तोही आतल्या वाटांत, जिथे तो दिसत नाही.

पायलट जेटवर सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याचं भोक सुमारे ०.४ मिलिमीटरचं. भिंग लावून पाहिलं तर भोकाच्या तोंडाशी मधाच्या रंगाचा, काचेसारखा कडक गोळा बसलेला. इथे बहुतेकांचा हात पोलादी टाचणीकडे जातो. पण हिशेब करून पाहा. भोकाच्या भिंतीवर फक्त ०.०२ मिलिमीटरचा थर राहिला तर व्यास ०.४० वरून ०.३६ होतो आणि क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटतं. उलट बाजूने, टाचणीने तेवढंच पितळ खरवडलं गेलं तर भोक २१ टक्क्यांनी मोठं होतं आणि ते परत लहान करता येत नाही. म्हणून आधी भिजवणं, मग हवा, मग परत भिजवणं. गोळा मऊ पडून कडेने सुटायला लागला तेव्हा लवचिक वायरमधला तांब्याचा एक धागा घेतला. असा धागा ०.२ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि पितळेपेक्षा मऊ. तो सरळ करून, न दाबता, आत-बाहेर केला. धाग्याला तपकिरी चिकटा लागून यायचा, तो पुसायचा, परत घालायचा. जेटच्या बाजूंना जी आडवी बारीक भोकं असतात, ज्यांतून पेट्रोलमध्ये हवा मिसळते, तीही अशीच एकेक मोकळी केली. ही आडवी भोकं विसरली गेली तर मधलं भोक स्वच्छ असूनही मिश्रण बिघडतं.

मोकळं झालेलं भोक प्रकाशासमोर धरलं की काठ गोल आणि धारदार दिसायला हवा. एखाद्या बाजूला काठ धूसर दिसला तर तिथे थर अजून आहे. माझ्या जेटला शेवटपर्यंत डाव्या बाजूला चंद्रकोरीएवढी सावली राहिली होती. ती जाईपर्यंत मी तो बॉडीत बसवला नाही.

बॉडीतल्या वाटांचा नकाशा मी कागदावर काढला होता. कोणतं भोक कुठे निघतं हे माहीत नसेल तर सफाई झाली की नाही हे कळणारच नाही. स्प्रेच्या बारीक नळीचं टोक पायलट जेटच्या जागी दाबून फवारलं तर तीन ठिकाणांहून धार यायला हवी: मिक्स्चर स्क्रूच्या भोकातून, इंजिनच्या बाजूच्या हळू वेगाच्या भोकातून, आणि स्लाइडच्या कडेखाली लपलेल्या बायपासच्या बारीक भोकातून. पहिल्या दोन ठिकाणांहून जोरदार धार आली, तिसऱ्यातून नुसती ओल. सुरुवातीला सांगितलेला तो गुदमरण्याचा क्षण इथला होता. ॲक्सिलरेटर जेमतेम उघडतो, हवा वाढते, मेन जेटकडची सुई अजून पेट्रोल सोडू लागलेली नसते, आणि त्या मधल्या क्षणाला पेट्रोल पुरवणारं हे भोक बंद. बाकीची दोन भोकं बोटांनी दाबून ठेवली आणि स्प्रेचा सगळा जोर या एकाच वाटेवर आणला. बऱ्याच वेळाने तिथून एक काळा कण आणि त्यामागे स्वच्छ, सरळ धार आली. या साऱ्या कामात मला सर्वांत जास्त आनंद त्या धारेचा झाला.

वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा फ्लोट माझ्याकडे पितळी होता, दोन पोकळ डब्यांचा. कानाजवळ हलवला तर एका डब्यात पेट्रोल खळखळलं. छिद्र कुठे आहे हे शोधायला तो गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा तापून फुगते आणि छिद्रातून बुडबुड्यांची माळ निघते. पाणी दुसरीकडे तापवून आणलं, शेगडीजवळ पेट्रोल भरलेला फ्लोट नेला नाही. छिद्र सांध्यावर होतं, डोळ्यांना न दिसणारं. आतलं पेट्रोल काढायला पलीकडे आणखी एक बारीक भोक पाडलं, सगळं निथळू दिलं, गरम पाण्याने आतून धुतलं आणि वास पूर्ण जाईपर्यंत तो उघड्यावर ठेवून दिला. त्यानंतरच डाख दिला, तोही विजेच्या सोल्डरिंग आयर्नने. डाख कमीत कमी लागेल याची काळजी घ्यावी लागते. फ्लोट जड झाला की तो कमी तरंगतो, पेट्रोल उशिरा बंद होतं, वाटीतली पातळी चढते आणि सगळ्या वेगांना मिश्रण जाड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. सोनाराच्या तराजूसारख्या छोट्या काट्यावर आधीचं आणि नंतरचं वजन करून पाहिलं आणि जादा डाख कानशीने उतरवला.

फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी एक वेगळी छोटी सुई असते, तिचं टोक रबराचं असतं. त्यावर गोल वळ पडला असेल तर ती बदलायचीच, घासून ती दुरुस्त होत नाही. सुई ज्यावर टेकते ती पितळी बैठक मात्र वाचवता येते. कापसाच्या काडीला धातूच्या पॉलिशचा ठिपका लावून ती बोटांनी फिरवत राहिलो, काळा चिकटा गेला आणि बैठकीवर अखंड चमकती कडी दिसली की थांबलो.

स्लाइडची लांब सुई काचेवर लोळवून पाहिली, सरळ होती. पण प्रकाशात तिरकी धरली तर एका बाजूला लांबट, चपटा चकाकणारा पट्टा होता. सुई ज्या पितळी भोकात वर-खाली होते त्या नीडल जेटच्या काठाला ती वर्षानुवर्षं घासत राहते. ती झिजते, आणि मऊ पितळी नीडल जेटचं भोक त्याहून जास्त झिजून अंडाकृती होतं. त्यामुळे पाव ते पाऊण ॲक्सिलरेटरला गाडी जास्त पेट्रोल पिते आणि मालक मेन जेट लहान करत बसतो. सुई आणि नीडल जेट दोन्ही जोडीनेच बदलले. सफाईने जे परत येत नाही त्यातली ही एक गोष्ट.

इंजिनला टेकणारा बॉडीचा चपटा भाग पाहायला पोलादी पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसला. नट गरजेपेक्षा जास्त आवळत गेल्याने दोन्ही कान मागे वाकले होते. तिथून हवा आत शिरते आणि आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिनचं चालणं, कधीच स्थिर राहत नाही. इथे मात्र माझा नियम मला बाजूला ठेवावा लागला. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थेंबभर तेल टाकून, इंग्रजी आठच्या आकारात बॉडी घासली. झिंक मऊ, झरझर निघतं, म्हणून चार-सहा हात फिरवायचे आणि पाहायचं. सगळ्या चेहऱ्यावर एकसारख्या रेघा आल्या की पुढे हात लावला नाही. घासण्यापूर्वी सगळी भोकं बुजवली होती, तरीही नंतर बॉडी पुन्हा पूर्ण धुतली.

बाहेरचा राखाडी रंग मी तसाच ठेवला. लोक बॉडीला बफ मारून आरसा करतात किंवा चंदेरी रंग देतात. रंग पेट्रोलपुढे टिकत नाही आणि सुटलेला पापुद्रा आत जातो. दिसण्याला माझा विरोध नाही, पण कार्बोरेटरची तब्येत बाहेरून दिसत नाही, आणि चकचकीत बॉडी पाहून आतली सफाई झाली असं गृहीत धरणारे मी बरेच पाहिले आहेत.

जोडणी उलट क्रमाने, त्यात फार सांगण्यासारखं नाही. जेट हाताने सुरुवात करून आटे बरोबर धरले याची खात्री करायची आणि पेचकसाने फक्त टेकवून थोडं आवळायचं. पितळेचे आटे झिंकमध्ये सहज जातात. ओरिंग सगळे नवे, इथेनॉल सोसतील असे.

फ्लोटची उंची मात्र नीट पाहावी लागते. बॉडी उलटी करून तिरकी धरायची, इतकी की फ्लोटची पट्टी सुईच्या स्प्रिंगवाल्या पिनला नुसती टेकेल, पण पिन दबणार नाही. पूर्ण उलटी धरली तर फ्लोटच्या वजनाने पिन दबते आणि माप चुकीचं येतं. गॅस्केट न लावता बॉडीच्या काठापासून फ्लोटच्या पाठीपर्यंत मोजायचं आणि मॅन्युअलमधल्या मापाशी ताडायचं. फरक असेल तर पट्टी केसभर वाकवायची. त्यानंतर मी ड्रेनला पारदर्शक नळी जोडून ती वाटीच्या बाजूने वर धरली, पेट्रोल सोडलं आणि ड्रेन स्क्रू उघडला. नळीत पेट्रोल नेमकं वाटीतल्या पातळीवर येऊन थांबतं. कागदावरच्या मापापेक्षा मला ही नळी जास्त भरवशाची वाटते, कारण डाख दिलेल्या फ्लोटचं बदललेलं वजनही त्यात आपोआप मोजलं जातं. कार्बोरेटर तसाच पेट्रोलने भरून रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवला, माणसं झोपतात त्या जागेपासून लांब, मोकळ्या हवेत. सकाळी कागद कोरडा होता.

गाडीवर बसवल्यावर मिक्स्चर स्क्रू आधीच्याच पावणेदोन फेऱ्यांवर ठेवला. चोकवर इंजिन लागलं, चोक सोडला आणि चालू राहिलं. पूर्ण गरम होईपर्यंत काहीच छेडलं नाही, कारण थंड इंजिनवर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर चुकतं. मग आयडल स्क्रूने रेस थोडी वर ठेवून मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज ऐकला. माझ्या कार्बोरेटरात हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे तो हवा सोडतो. आत फिरवला की मिश्रण जाड, बाहेर फिरवला की पातळ. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो आणि हिशेब बरोबर उलटा होतो. जिथे इंजिनचा वेग सर्वांत चढला आणि आवाज एकसारखा झाला, तिथे स्क्रू दीड फेऱ्यावर होता. पेट्रोलची बंद वाट उघडली म्हणून थोडं जाड झालेलं मिश्रण आणखी हवा देऊन पातळ करावं लागेल, असा माझा अंदाज होता. स्क्रू उलट आत आला, बहुधा आधी कोणीतरी बंद वाटेवर उपाय शोधताना तो इकडे-तिकडे फिरवून ठेवला होता.

लांब फेरी मारून प्लग काढून पाहिला. आतली चिनी माती फिकट तपकिरी, ना काजळी, ना पांढरी फटक. टाकी आणि कार्बोरेटरच्या मधल्या नळीत छोटा फिल्टर घातला, कारण टाकीतला गंज अजून मी काढलेला नाही. आता गाडी फार दिवस उभी राहणार असेल तेव्हा पेट्रोल कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवतो.

एक गोष्ट राहिली आहे. स्लाइड आणि तिच्या बोगद्यात झीज आहे, बोटाने हलवली की कळते, आणि आयडलिंगला बारीक टकटक ऐकू येते. नवी स्लाइड घातली तरी बोगद्याची झीज तशीच उरते, बोगदा घासून मोठा करून जाडसर स्लाइड बसवायची तर ते लेथवाल्याचं काम आहे, आणि त्याच्याकडे योग्य मापाची स्लाइड बनवण्याबद्दल माझं बोलणं चालू आहे.